इच्छाफोईची करंगळी

इच्छाफोईला, म्हणजे गल्लीभरच्या आत्याला, थांबवत नाही, यावर गुजरातेतल्या उमरेठच्या त्या गल्लीत लहानथोरांचं एकमत होतं. दरवर्षी भाऊबीज झाली की लाभपाचमेला दुकानं उघडायच्या आत गल्लीची बस नाथद्वाऱ्याला जायची, आणि दर दोन तासांनी मागच्या सीटवरून एक करंगळी वर यायची. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईने पोरांचीच खूण उचललेली. "आलं फोईचं जंक्शन," पुरुष म्हणायचे. फोई हसत हसत सगळ्यात आधी उतरायची, आणि मग बाकीच्या बायका "आता थांबलीच आहे गाडी, तर..." असं पुटपुटत तिच्या मागोमाग जायच्या.

बस काढायचा तिचा धाकटा भाऊ रवजी. माणूस कष्टाळू, पण शिस्तीचा इतका की सोबत्यांना धाप लागावी. प्रवासात बाहेरचं खाणं बंद. घरचे थेपले, कैरीचा छुंदो, हिंगाच्या गोळ्या आणि उकळून गार केलेल्या पाण्याचे सहा कॅन. चहासुद्धा घरून. याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी याच यात्रेहून परतताना त्याची बायको शांता तापाने फणफणली आणि आठवड्यात गेली. वाटेत ती एका टपरीवर ताक प्यायली होती. रवजीने त्या ताकाला जन्मभराचा दोष दिला आणि पुन्हा कुणाच्या पोटात बाहेरचा थेंब जाऊ दिला नाही.

यंदा शरद पौर्णिमेला, दूधपोहे खाता खाता नावं लिहून घेताना, तो पेन बंद करून बसला.

"मोटीबेन, गेल्या वर्षी तुझ्यापायी दुपारचं राजभोगाचं दर्शन हुकलं. बावीस बाया, एक संडास, पाऊण तास. यंदा श्रीनाथजीची शपथ घे, पोचेपर्यंत थांबा मागणार नाहीस. नाहीतर नाव लिहीत नाही."

"तू बहिणीला घरी ठेवणार?"

"दर्शनासाठी ठेवीन."

फोईने शपथ घेतली. बसमध्ये आपण नसण्यापेक्षा शपथ बरी, एवढाच विचार तिने केला.

पहाटे चारला बस निघाली. हिंमतनगरच्या अलीकडे ड्रायव्हरने चाक तपासायला दोन मिनिटं गाडी उभी केली, तेवढ्यात पुरुष झाडामागे जाऊन आले. त्यांचं काय, झाड दिसलं की भागलं. फोईच्या पुढच्या सीटवर निमिषा बसली होती, गल्लीतलीच, लग्नाला वर्ष न झालेली सून, शेजारी सासू. फोईने तिला पाण्याचा पेला दिला. पोरीने ओठ ओले केले आणि पेला परत केला.

"पी ना, वहू."

"नको फोई. तहान नाही."

थेपला मात्र तिने कोरडाच, पाण्यावाचून गिळला. फोईला हे गिळणं ओळखीचं होतं. तिने मागे वळून पाहिलं. सहाच्या सहा कॅन जवळजवळ काठोकाठ भरलेले, आणि बावीस बायकांना तहान नव्हती.

शामळाजी मागे पडलं. निमिषाने पदर पोटाशी घट्ट धरला होता आणि डोळे मिटून घेतले होते. फोईची करंगळी मांडीवर आपोआप उठली. तिने ती मुठीत दाबून टाकली. देवाची शपथ होती, आणि शपथेहून जड एक गोष्ट होती, जी अकरा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. ती सांगितली तर भाऊ तोंड बघणार नाही, याची तिला खात्री होती. म्हातारपणी तिला दुसरं होतं कोण?

ती उठली. दांड्या धरत धरत पुढे गेली आणि ड्रायव्हरमागे बसलेल्या रवजीशेजारी टेकली.

"थांबा मागू नकोस," तो म्हणाला.

"मागत नाही. एक सांगायचंय. मला कधीच थांबावं लागलं नाही रे. एकदाही नाही."

रवजीने तिच्याकडे मान वळवली.

"शांताला लागायचं. त्या दिवशी इथेच, या घाटात, ती माझ्या कानात म्हणाली, ताई, गाडी थांबवायला सांगा. मी म्हटलं, पुरुषांसमोर काय शोभतं का? धर थोडं. म्हणून तिने पाणी सोडलं. दिवसभर. ते ताक रवजी, ते तिने संध्याकाळी घेतलं, अगदीच राहवेना म्हणून. डॉक्टर मला म्हणाले होते, लघवी तुंबून आत विष झालं. मी तुला ताकाचं सांगितलं. भीती वाटली मला."

बस चढाला लागली होती. रवजी काचेतून रस्ता बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर फोईला सोसल्या असत्या. त्याने फक्त मनगटावरचं घड्याळ एकदा पाहिलं आणि बाही खाली ओढून ते झाकलं.

पेट्रोल पंप दिसला तसा तो उठून उभा राहिला. सगळ्या बसला दिसेल अशी त्याने करंगळी वर केली.

"अरे, तुमचंही जंक्शन आलं का रवजीभाई?" मागून कुणीतरी हसलं.

"आलं," तो ड्रायव्हरला म्हणाला. "घे बाजूला."

निमिषा सासूच्या आधी उतरली. मग सासू उतरली. मग एकेक करत सगळ्या. रवजी बसला टेकून उभा होता. पंपाच्या भिंतीपासून रस्त्यापर्यंत रांग लागलेली. फोई त्याच्यापासून चार हात लांब थांबली, जवळ जायचा धीर तिला होईना.

रांगेकडे बघत त्याने विचारलं, "खरंच लागलेली असते इतक्या जणींना? दरवेळी?"

"दरवेळी."

"शांता कुठे उभी राहायची रांगेत?"

"तेव्हा रांग नव्हती रे, भाई. तेव्हा गाडीच थांबत नव्हती."