बीचच्या झाडाला बांधलेला ओताकार

मिलुशे कोप्राझोव्हा तुर्नोव गावातल्या काचमण्यांच्या कारखान्यात कामाला होती. घटस्फोटानंतर रविवार तिला खायला उठायचे, म्हणून ती जिओकॅशिंगकडे वळली. कुणीतरी रानात डबी लपवायची, जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे संकेतस्थळावर टाकायचे. बाकीच्यांनी फोनवरच्या नकाशाने ती हुडकायची, आतल्या कागदावर सही करायची आणि डबी होती तिथे ठेवायची. नव्या डबीवर पहिली सही आपली असावी, एवढाच तिचा हव्यास. तिच्या आड एकच माणूस यायचा: ओताकार ब्राबेत्स, निवृत्त बसचालक, जिभेने तिखट.

नोव्हेंबरातल्या त्या दुपारी वालुकाश्माच्या कड्यांत नवी डबी लपवल्याचं कळलं. मिलुशे धावतपळत पोचली, तर रानाच्या तोंडाशी ओताकारची हिरवी गाडी आधीच उभी. तोंडातल्या तोंडात शिव्या देत ती चढू लागली. दगड पावसाने बुळबुळीत झाले होते.

"बाई, हळू या," दोन कड्यांमधल्या फटीतून आवाज आला. "मी इथं अडकलोय."

तिने वाकून पाहिलं. ओताकार छातीपर्यंत फटीत रुतला होता. फक्त डोकं आणि एक हात बाहेर. खाली नुसता अंधार.

"श्वास सोडला की आणखी खाली जातोय," तो म्हणाला. चेहरा राखेसारखा झाला होता.

तिने पाठपिशवीचे पट्टे कापले, लोकरी मफलरला बांधले, एक टोक त्याच्या दंडाला आणि दुसरं काठावरच्या बीचच्या बुंध्याला करकचून आवळलं. फोन काढला. त्या घळीत रेंजच नव्हती.

"वर कड्याच्या धारेवर जावं लागेल."

"जाऊ नका." आजवर त्याने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं.

तिने त्याच्या मुठीत एक दगड दिला. "कड्यावर ठोकत राहा. ऐकू येतंय तोवर मी घाबरणार नाही."

"आणि मी?"

"तुम्हीही घाबरायचं नाही."

ती हातापायांवर चढत निघाली. खालून ठक, ठक येत होतं. गुडघा फुटला, तरी थांबली नाही. धारेवर पोचून तिने फोन उंच धरला आणि ठोकणं बंद झालं.

"ओताकार?"

तेवढ्यात फोन लागला. बचाव पथकाला तिने डबीचेच आकडे सांगितले. आवाज फुटत होता, आकडे दोनदा सांगावे लागले. मग घसरत, खरचटत ती खाली आली.

ओताकारचे डोळे उघडे होते. "दगड पडला हातातून," तो पुटपुटला.

"मेल्या," एवढंच म्हणून ती त्याच्या दंडाला धरून बसली. पथक येऊन त्याला दोरांनी वर काढेपर्यंत तिने पकड सोडली नाही.

बरगड्या मोडल्या होत्या, पण माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी इस्पितळातून त्याचा फोन आला.

"पहिली सही कुणाची झाली?"

"लिबेरेत्सच्या कुणा कॉलेजच्या पोरांची. आज सकाळी."

"मी पडलो होतो तेव्हा डबी तुमच्या हाताशी होती. घ्यायची होती की."

"डबी कुठं होती तेही पाहिलं नाही मी."

वसंतात दोघं एकाच गाडीतून जाऊ लागली. सही आधी कुणी करायची, यावरून दर रविवारी भांडण ठरलेलं.