दहा वर्षं कुठली?

कतारमधल्या फुटबॉल वर्ल्डकपच्या आदल्या वर्षी मी दोह्यात एका आरोग्य-पाहणीचं काम करत होते. बरवा अल बराहा या कामगारवस्तीतल्या लोकांना विचारायचं: आजच्या दुखण्यासकट दहा वर्षं जगाल, की ठणठणीत तब्येतीची, पण त्याहून कमी? बरं होण्यासाठी माणूस किती वर्षं सोडतो, त्यावरून त्याला ते दुखणं किती जड जातं ते ठरायचं.

त्यांतला एक कुडाळकडचा, स्टेडियमवर वेल्डर. पाठ धरलेली, म्हणून खुर्चीच्या कडेवर बसला होता. मी मराठीत बोलताच चेहरा उजळला. प्रश्न त्यानं दोनदा ऐकून घेतला आणि गुडघे चोळत विचारलं, "ताई, ही वर्षं इथली की घराकडची?"

"तसं काही प्रश्नात नाही हो."

"मग सांगू कसं? घराकडची असली तर ह्या पाठीसकट दहाच्या दहा द्या. इथली असली तर आठ काढून घ्या. पाठ बरी नाही केलीत तरी चालेल, फक्त उरलेली दोन घराकडे द्या."

मग लेकीबद्दल बोलला. "आता एवढी झाली असेल," म्हणत त्यानं टेबलाशी हात धरला. थोडा वर नेला, पुन्हा खाली आणला. त्याला नक्की ठरवता येईना.

तो गेल्यावर मी रकान्यात लिहिलं, 'उत्तर दिलं नाही.' इतकं स्पष्ट उत्तर त्या महिन्यात मला दुसऱ्या कुणीच दिलं नव्हतं.