फळ्याआडची सासू

न्येंडोच्या बाजारात गोमेसी झगा शिवावा तर लुताया शिंप्यानंच. खांद्यावरचे ते दोन टोकदार कोन त्याच्यासारखे कोणाला साधत नाहीत. पण नाताळपासून त्याच्या हाताला असं कापरं भरलं, की सुई इकडे, दोरा तिकडे, आणि लुताया मधे "थांब गं बाई, थांब" म्हणून सुईलाच विनवतोय.

सकाळी नऊला ज्याच्या तोंडाला वारागी दारूचा वास येतो, त्याचा हात कशानं कापतो हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? पण न्येंडोच्या बायका जास्त हुशार. जावयानं सासूला नुसतं चुकून शिवलं तरी त्याला थरथरीचा रोग लागतो, हे तिथं पाळण्यातलं पोरही जाणतं. म्हणून तर जावई दिसला की सासू दाराआड, आणि सासू दिसली की जावई गटार ओलांडून पलीकडे.

केळीवाली नाकिबूका लुतायाच्या व्हरांड्यापासून चार पावलं लांब उभी राहिली आणि नाकातून म्हणाली, "कापड दे बाबा परत. हात लावू नकोस, तिकडूनच फेक. तू कुठं कुठं हात लावलास देव जाणे."

"मावशी, काहीतरीच काय! अहो, हा हात..." पुढचे दोन शब्द सोपे होते. ते काही लुतायाच्या जिभेवर आले नाहीत. त्यानं कापड फेकलं.

बायकोनं, नासोलोनं, हे सगळं आतून ऐकलं. "लोक माझ्या आईला नावं ठेवतात आणि तुम्ही गप्प बसता? साठीची बाई ती, जपमाळेशिवाय हातात काही धरत नाही! दारू सोडा, आणि हात दारूनं कापतो हे चारचौघांत सांगा. नाहीतर मी पोरांना घेऊन आईकडे जाते. मग बसा! तिथं तर तुम्हाला उंबऱ्यापाशीही येता यायचं नाही."

हे मात्र लुतायाला वर्मी लागलं.

दारू सोडणाऱ्यांची बैठक गुरुवारी दुपारी चर्चमागच्या शाळेत भरते, एवढं दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं. कुठल्या खोलीत, ते नाही. दारावर पाटी नसते. आणि विचारायचं कोणाला? विचारलं म्हणजे सांगितलंच की! पहिल्या गुरुवारी गोलात मांडलेल्या खुर्च्या दिसल्या म्हणून तो आत शिरला, हिय्या करून "मी लुताया" म्हणाला, तर एका जाड्या बाईनं विचारलं, "आवाज जाड की बारीक?" ती चर्चची गायकमंडळी निघाली. उठून जायची लाज, म्हणून बिचारा दोन गुरुवार जाड आवाजात गायला.

तिसऱ्या गुरुवारी मात्र त्यानं शेजारची खोली गाठली. बैठक चालवणारे मुकीबी मास्तर निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी शुद्धलेखन घातल्यासारखेच बोलतात. "या, महाशय, या. बसा. इथं. कोणी. कोणाला. ओळखत नाही."

लुतायानं मान वर केली. समोरच्या खुर्चीवर त्याची सासू, नालोंगो तेओपिस्ता.

"अगं आई गं!" तिनं शाल डोक्यावरून ओढली ती थेट गुडघ्यापर्यंत. लुताया भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, पाढे न आलेल्या पोरासारखा.

"मास्तर," शालीतून आवाज आला, "हा माणूस जातोय की मी जाऊ?"

"मीच जातो," लुताया भिंतीला म्हणाला.

"जाऊन जाणार कुठं?" कासुले खाटीक गरजला. "दुसरी बैठक थेट कंपालात. वाटेत सत्तावन्न बार आहेत. मी मोजलेत, आत बसून!"

"फळा. मध्ये. ओढा," मास्तर म्हणाले.

मास्तर आणि कासुलेनं मिळून चाकांचा फळा ओढला. अपूर्णांक लिहिलेल्या बाजूला लुताया बसला, पलीकडे सासूबाई. मग सगळे त्याच्याकडे बघत थांबले.

"मी लुताया. शिंपी. माझा हात कापतो," तो अपूर्णांकांना म्हणाला. "गावात म्हणतात, एका बाईमुळे. साफ खोटं. दारूनं कापतो. सकाळी दोन घोट घेतल्याशिवाय मला कात्री धरवत नाही. ते सांगायची लाज वाटली, म्हणून मी तिच्या नावाला बट्टा लागू दिला."

फळ्यामागे कोणीतरी जोरात नाक शिंकरलं.

"मास्तर, त्या पलीकडच्या माणसाला सांगा, माझाही हात कापायचा. केळ्यांची दारू मीच गाळायची, मीच चाखायची. लेकीला वाटतं, आई गुरुवारी जप करायला जाते. नऊ महिने झाले घोट नाही. आता बघ म्हणावं."

मास्तर लुतायाकडे वळले. "नऊ. महिने. झाले. आता..."

"ऐकलं हो मास्तर! फळा आहे, भिंत नव्हे!"

फळ्याच्या वर एक हात आला. सुरकुतलेला, बोटं पसरलेली. लुतायानं पटकन डोळे मिटले.

"अरे बघ की!" कासुले ओरडला. "हात म्हणजे काही अख्खी सासू नव्हे!"

लुतायानं एक डोळा उघडला. मग दुसरा. हात तसूभरही हलत नव्हता.

त्या दिवशी आधी सासूबाई गेल्या, मग बऱ्याच वेळानं तो. घरी नासोलोनं विचारलं, "कोण कोण होतं?" तो म्हणाला, "एक फळा होता."

दुसऱ्या दिवशी नाकिबूका केळी घेऊन समोरून चालली होती. लुताया व्हरांड्याच्या पायरीवर आला आणि गायकमंडळीत कमावलेल्या जाड आवाजात ओरडला, "मावशी! माझा हात दारूनं कापतो! सोडतोय मी. आज दुसरा दिवस!" आत नासोलोचं शिलाई मशीन थांबलं.

"दारूनं?" नाकिबूकाचा चेहरा पडला. तीन गावांत सांगून झालं होतं तिचं. "नुसती दारू?"

"नुसती दारू."

"शी!" तिनं टोपली उतरवली, इकडेतिकडे पाहिलं आणि पायऱ्या चढून थेट त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "मग घे माप. कंबर थोडी वाढलीय. ते मात्र ओरडून सांगू नकोस."

टेप त्याच्या हातात थरथरत होती. तिनं दुसरं टोक धरलं आणि पोट आत घेतलं.