कादरमास्तरांचा तक्ता

कादरमास्तर सरकारी कागद बसून वाचत नसत. तालुक्याचा लखोटा आला की ते डोक्यावर टोपी चढवायचे, खुर्ची मागं सारायचे आणि उभं राहून मोठ्यानं वाचायचे. ऐकायला वर्गातली पोरं असोत, नाहीतर मी. माझं घर शाळेला लागून होतं. माझा सुतारकामाचा मांडव आणि शाळेची ओसरी यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत, बस. त्यामुळं भूम तालुक्यातल्या आमच्या गावात सरकारचा हुकूम पहिल्यांदा पडायचा तो माझ्याच कानावर.

"मिस्त्री, जरा रंधा थांबवा. हुकूम आहे."

"हुकूम तुम्हाला हाय मास्तर, मला न्हाय."

मग ते रंध्याच्या वर आवाज काढून वाचायचे. मीही रंधा थांबवत नसे. असा आमचा शेजार.

त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. निजाम गेला, पुढं आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि हुकूम मराठीत यायला लागले. मास्तर या वयात मराठी कागद बोटानं ओळ धरून वाचायला शिकले. नव्या राज्यात आपली नोकरी कुणाच्या तरी मर्जीवर टांगलेली आहे, असं त्यांना कायम वाटायचं. बोलायचे नाहीत, पण गावात जीप आली की त्यांचा हात आधी टोपीकडं जायचा. म्हणून हुकमातला शब्दही ते इकडचा तिकडं होऊ देत नसत. "कागदाला पाय नसतात, मिस्त्री," म्हणायचे, "पाय आपण द्यायचे."

एके दिवशी असाच कागद आला. शाळेतल्या प्रत्येक मुलाची नजर सरकार फुकट तपासणार. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावायचा, मुलाला वीस फुटांवर उभं करायचं, एकेक डोळा झाकून वाचून घ्यायचं. ज्याला दिसणार नाही, त्याच्या बापाला समक्ष सांगायचं आणि मूल उस्मानाबादच्या दवाखान्यात पाठवायचं. बापाला नको असेल तर त्यानं स्वतःच्या हातानं तसं लिहून द्यायचं. मास्तरांनी हे दोनदा वाचलं आणि भिंतीवरून माझ्याकडं बघितलं.

"तुमचा गज घेऊन या."

मी मोजलं. शाळेची खोली पंधरा फूट भरली. मी म्हणालो, "पंधरा काय, वीस काय, पोरं तीच हायत." मास्तर ऐकेनात. "सरकारनं वीस म्हटलंय. पंधरावर दिसलं तर ते पंधरावरचं दिसणं. वीसवरचं न्हाई." शेवटी मी दाराची दोन्ही फळकुटं काढून ठेवली आणि बाहेर ओसरीवर खडूनं रेघ मारली. पोरगं ओसरीवर, तक्ता आत. तक्त्याचा खिळाही मीच ठोकला, ओळंबा लावून. मला तिरकं चालत नाही. आमच्या घराण्यात नजर आहे. माझा बाप लाकूड नुसतं डोळ्यासमोर धरून त्यातला बाक सांगायचा, मीही सांगतो.

तक्ता डॉक्टर यायच्या आधी कितीतरी दिवस भिंतीवर लागला, आणि सगळं त्यातच अडकलं. मास्तरांचा विचार असा की लहान वर्गातल्या पोरांना अक्षरंच ओळखू आली नाहीत, तर चांगल्या डोळ्याचं पोर नापास होईल. म्हणून त्यांनी तक्ता शिकवायला घेतला. आता आमच्या शाळेत शिकवायचं म्हणजे काय? एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी ओरडायचं. पाढे तसे, कविता तशी, नद्यांची नावं तशी. तक्ताही तसाच झाला. "र! ट, प! ग, म, ल! न, क, व, स!" सकाळ-संध्याकाळ. पाण्याला जाणाऱ्या बायकासुद्धा घागर डोक्यावर घेऊन त्याच तालावर चालायला लागल्या. माझी कौसा त्यात सगळ्यांच्या पुढं. अकरा वर्षांची पोर, कुठलीही गोष्ट एकदा कानावर पडली की तोंडपाठ. मास्तर म्हणायचे, "मिस्त्री, ही पोरगी तुमच्या गळ्यात देवानं कशी बांधली?" मी म्हणायचो, "माझ्यावर गेलीय."

डॉक्टर आले ते सकाळच्या एसटीनं. तरुण होते, शहरातले, घाईत. दुपारी शेजारच्या वाशी गावची गाडी फाट्यावरून पकडायची होती. पोरं एकेक रेघेवर उभी राहिली आणि धडाधड वाचून गेली. सगळी पास. डॉक्टर खूष. "अशी शाळा बघितली न्हाई मास्तर," म्हणाले. मास्तरांनी टोपी सारखी केली. कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. डॉक्टरांबरोबरच्या माणसानं तक्ता खिळ्यावरून काढला आणि गुंडाळून पिशवीत घातला.

एवढ्यात कौसा आली. तिला मीच घरून चहाची किटली आणायला पाठवलं होतं. डॉक्टर मान खाली घालून सामान आवरत होते. म्हणाले, "तू राहिलीस का? चल, म्हण."

कौसानं किटली खाली ठेवली. रेघेवर जाऊन उभी राहिली. उजवा डोळा तळहातानं झाकला आणि मोकळ्या भिंतीकडं बघून शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून टाकलं. मग डोळा बदलला आणि पुन्हा म्हटलं.

"उत्तम," डॉक्टर वर न बघता म्हणाले.

मला हसू आलं. पोरीला तक्तासुद्धा लागत नाही. मी मास्तरांकडं बघितलं, तर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते एकदा भिंतीवरच्या खिळ्याकडं बघत होते, एकदा कौसाकडं.

"साहेब," ते म्हणाले, "तपासणी झाली न्हाई."

"झाली की. सही केलीत तुम्ही."

"पोरांनी वाचलं न्हाई. म्हटलं. माझ्यामुळं. पुन्हा घ्यावी लागंल. दुसरा तक्ता पाहिजे."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "दुसरा तक्ता माझ्याकडं न्हाई आणि गाडी थांबणार न्हाई. मास्तर, तुम्हीच पोरांकडून घोकून घेतलं असं मी वर कळवलं, तर काय होईल ठाऊक आहे ना?"

"तुम्ही कशाला त्रास घेता," मास्तर म्हणाले, "मीच कळवतो."

मी मास्तरांची बाही ओढली. म्हणालो, "गप बसा की. सगळी पास हायत." त्यांनी बाही सोडवून घेतली. डॉक्टर फाट्याकडं चालू लागले.

दिवस कलायच्या आत मास्तर माझ्या मांडवात उभे होते. बसा म्हटलं तर बसेनात. टोपी डोक्यावर होती, म्हणजे हुकमाचं बोलणं.

"मिस्त्री, कौसाला दिसत न्हाई."

"पाठ हाय म्हणून म्हणाली ती. त्यात डोळ्याचा काय संबंध?"

"पाठ असल्यानं म्हणाली, कबूल. पण तक्ता न्हाई, असं म्हणाली का? हसली का? तिला वाटलं, तक्ता तिथंच आहे."

कौसाची आई दारात येऊन उभी राहिली. सोनारीच्या पाहुण्यांशी कौसाच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. बोलणं काय, जवळजवळ ठरलंच होतं. चांगलं घर, भैरोबाच्या देवळाजवळ जमीन. आणि हा माणूस गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या पोरीला आंधळी म्हणत होता.

"मास्तर, सावकाश बोला," ती म्हणाली. "पोरीच्या जातीला डाग लागतो."

"वैनी, मी सावकाशच बोलतो. तिला उस्मानाबादला न्या. फुकट आहे सगळं."

"नेणार न्हाय," मी म्हणालो. "सुताराच्या पोरीला चष्मा? माझ्या घरात कुणाच्या नाकावर काच न्हाय बसली. सोनारीकर काय म्हणतील? लाकूड घडवणाऱ्याच्या घरात नजर न्हाय?"

"नको असेल तर लिहून द्या. हुकमात सवलत आहे. तुमच्या हातानं."

त्यांना वाटलं असेल, दुसरी शिकलेला माणूस, लिहायला बिचकेल. मी बिचकणाऱ्यातला नव्हे. म्हणालो, "कागूद आणा तोवर हितंच लिहितो." नुकती रंधून ठेवलेली फळी घेतली, खडू घेतला आणि वितीवितीएवढं अक्षर काढून लिहिलं: माझी ना आहे. लिहून फळी त्यांच्या अंगावर धरली. "घ्या."

मास्तरांनी फळी बघितली. शाबास म्हणाले, खरंच म्हणाले. मग ती उचलून अंगणाच्या पार पलीकडं गोठ्याच्या कुडाला टेकवून ठेवली आणि कौसाला हाक मारली.

"बेटा, हिकडं ये. तुझ्या बापानं काहीतरी लिहिलंय. वाच बघू."

कौसा माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. उजेड चांगला होता. मला तर खडूची प्रत्येक रेघ दिसत होती. कुडावरचं शेण दिसत होतं, फळीवर चढणारा मुंगळा दिसत होता. पोर डोळे बारीक करून बघत राहिली. मान एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. तिची आई दाराची चौकट धरून उभी. मी मनात म्हणत होतो, म्हण बये, माझी, एवढं तरी म्हण.

तिचा हात आपोआप वर गेला. तिनं डोळा झाकला आणि हळूच सुरू केलं.

"र... ट, प... ग, म..."

मास्तरांनी तिला पुढं म्हणू दिलं नाही. जवळ येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बस बेटा. छान." माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दुसरा कुणी असता तर जिंकल्यासारखा बघितला असता, आणि मग मी त्या फळीवरचा शब्द मरेपर्यंत पुसला नसता. माझा स्वभाव मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक होता.

मी अंगण ओलांडून गेलो, बाहीनं फळी पुसली आणि विचारलं, "उस्मानाबादची पहिली गाडी कधी हाय?"

मास्तर आमच्याबरोबर आले. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी कौसाला अंधाऱ्या खोलीत नेऊन तपासलं. ते म्हणाले, दोन्ही डोळ्यांना लांबचं दिसत नाही, त्यातला एक तर कामातून जायला लागला आहे, चष्म्यानं राहील. आणखी दोन-तीन वर्षं गेली असती, तर आमच्याकडंही इलाज नव्हता. बाहेर आल्यावर मास्तर बाकावर बसले. मी त्यांना पहिल्यांदाच एवढं थकलेलं बघितलं.

त्यांनी वर कळवलं होतंच. कागदात लिहिलं होतं, "तक्ता मी आधी लावला, पोरांकडून पाठ मी करून घेतला, तपासणी रद्द समजावी." मला वाचून दाखवलं होतं, उभं राहून. त्या वेळी मी रंधा थांबवला होता. दुसरे डॉक्टर आले, नवा तक्ता आणला. आणखी काही पोरांच्या डोळ्यांत दोष निघाला. सोनारीकरांनी बोलणं थांबवलं. थांबवू देत. ज्यांना सून डोळ्यानं तपासायची आहे आणि तिचे डोळे तपासायचे नाहीत, त्यांच्याकडं पोर द्यायची माझीच इच्छा राहिली नाही. आणि मास्तरांना तालुक्याला बोलावलं, जबाब घेतला. बदलीचा हुकूम आला तो पार उमरग्याच्या पलीकडचा, जिथं अर्धं गाव कानडी बोलतं. मी म्हणालो, चला, सगळं गाव घेऊन साहेबाकडं जाऊ. मास्तर म्हणाले, "चूक माझी होती, हुकूम बरोबर आहे. पुन्हा नवी भाषा शिकायची, एवढंच."

भूमच्या एसटी स्टँडवर त्यांना सोडायला मी आणि कौसा गेलो. त्यांची पेटी मी टपावर चढवली, दोरी मीच आवळली. कौसाचा चष्मा त्याच आठवड्यात आला होता. तो सारखा नाकावरून घसरायचा, आणि ती बोटानं वर सारायची. मास्तर खिडकीशी बसले. कौसा खाली उभी राहून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, इतकी की मला लाज वाटायला लागली.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमच्या तोंडावर देवीचे वण हायत."

चार वर्षं पोर त्यांच्या समोर बसली होती. गावात बिनवणांचे मास्तर कुणी बघितलेच नव्हते. मी तिचा दंड धरला, पण तोवर मास्तर खिडकीतून वाकले होते.

"किती आहेत? गालावरचे सांग."

ती मोजायला लागली. बोट हवेत धरून, एकेक. कंडक्टरनं दार लावलं, गाडी धुरळा उडवत हलली, तरी ते तोंड आत घेईनात. तिला नीट दिसावं म्हणून गाल बाहेर धरून बसले होते.