मास्तरांची सवय

आमच्या शवागारातले मास्तर म्हणजे डॉक्टर नव्हेत. प्रेतं उचलणारे, शिवणारे मदतनीस. शिकलेले चौथीपर्यंत, पण नवे डॉक्टर गुपचूप त्यांनाच विचारायचे, म्हणून मास्तर. मी तिथली कारकून. सतरा वर्षं त्यांच्या शेजारी बसून रजिस्टर भरलंय, तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही.

जळून मेलेलं कोण आणि मारून जाळलेलं कोण, हे मास्तरांना बरोबर कळायचं. "जिवंत माणूस आगीत श्वास घेतो, ताई. श्वासनळीत काजळी जाते. मेलेला कुठून घेणार?" मग कडवट हसून म्हणायचे, "आणि जाळणारा बहुतेक घरचाच निघतो. परका मारतो आणि पळतो. घरच्याला मागे राहून रडायचं असतं, म्हणून त्याला रॉकेल लागतं."

नियम एकच. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय प्रेताला पाण्याचा थेंब लावायचा नाही. भलेभले दारात येऊन पाया पडले, मास्तर बधले नाहीत.

एका दुपारी एक तरुण बाई आली, जळालेली. नवरा बाहेर ऊर बडवत होता. त्याच्या तळहातावर साधा फोडसुद्धा नव्हता. बायको जळत होती तेव्हा मेला काय खिशात हात घालून उभा होता? डॉक्टर जेवायला गेलेले. तेवढ्यात तिची आई आली, परगावाहून, एकटीच. दाराची चौकट धरून म्हणाली, "एकदा तोंड दाखवा हो. मग काही मागणार नाही."

चेहरा अर्धा शाबूत होता, पण काजळीने माखलेला. असा कुठल्या आईला दाखवणार? मास्तर नळाकडे गेले. मग फडकं ओलं करून त्यांनी गाल पुसले, नाक पुसलं, ओठ पुसले.

"मास्तर, अहो हे काय करताय?"

"बघू दे तिला. नरड्याला कुठे हात लावतोय मी?"

आई आत आली. त्या गालावरून हात फिरवला, आणि बोलल्याप्रमाणे काही मागितलं नाही.

डॉक्टरांनी नंतर गळा उघडला. श्वासनळी स्वच्छ, गळ्यातलं बारीक हाड मोडलेलं, म्हणजे आधी गळा दाबून मारलेली. नवऱ्याला अटक झाली. आम्हाला वाटलं, पुसल्याची गोष्ट तिथेच मिटली, सुटलो.

तीन वर्षांनी खटला उभा राहिला. नवऱ्याच्या वकिलाने दोन फोटो पुढे केले. पोलिसांनी घरात काढलेल्या फोटोत चेहरा काळा, शवागारातल्या फोटोत पुसलेला. त्याने मास्तरांना विचारलं, "डॉक्टरांच्या आधी पुसलंत? कोणाच्या सांगण्यावरून?"

आई पहिल्याच बाकावर बसली होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोणाच्या नाही. माझी सवयच आहे. सगळ्यांचीच तोंडं पुसतो."

खोटं! साफ खोटं! सतरा वर्षांत मी ते एकदाच पाहिलं होतं. वकिलाचं फावलं. म्हणे काजळी पाण्याने धुतली गेली असेल, हाड आगीने तडकलं असेल. ओल्या फडक्याचं पाणी तिथवर पोचत नाही, असं डॉक्टरांनी कितीदा सांगितलं, पण ऐकतो कोण! संशयाचा फायदा मिळून नवरा सुटला. मास्तर निलंबित झाले, निवृत्तीला सात महिने उरलेले असताना.

ते कपाटाच्या किल्ल्या द्यायला आले, त्याच दिवशी ती आई आली. शोधतच आली होती.

"तुमच्या मेल्या सवयीपायी माझ्या लेकीचा खुनी सुटला! हात झडले असते तुमचे त्या दिवशी, तर बरं झालं असतं!"

मास्तर मान खाली घालून ऐकत राहिले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी खुर्ची मागे सारली, तोंड उघडलं.

"ताई," मास्तर म्हणाले, "तुमचं रजिस्टर बघा."

ती गेल्यावर मी त्यांच्यावर ओरडलेच. "'तुमच्यासाठीच पुसलं,' एवढं तिला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर घरी जाऊन तिने स्वतःलाच शिव्या घातल्या असत्या," मास्तर म्हणाले, आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या.