निळ्या फडक्यातला डिंक

दोन डब्यांवर मी एकच शब्द लिहिला — डिंक.

एवढीच चूक. तिसरीतल्या पोरानं केली तर मास्तर कान पिळतील अशी. मला मात्र कोणी कान पिळला नाही, कारण हे मी आजवर घरात कोणाला सांगितलेलंच नाही. बायकोला नाही, पोरीला नाही, जावयाला तर नाहीच नाही. तसा मी फजित्या लपवणारा माणूस नाही हो. गुलाबदाणीत व्हिनेगर भरून एका नवरदेवावर शिंपडलं होतं, हे आमच्या कारंजा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मीच सांगत फिरलो. लोक हसतात. आणि हसणारी माणसं फार चौकशा करत नाहीत, हे मला लवकर कळलं. दहा फजित्या चव्हाट्यावर मांडल्या की अकरावी कोणी शोधत नाही. ही अकरावी. हे वाचणाऱ्यांत आमच्या गल्लीतली माणसंही असतील — असू देत. मी थकलो आता.

मी अत्तर विकतो. करतोही — निदान तसं सांगतो. तेलं कनौजहून येतात, मी त्यांत माझी कारागिरी घालतो. कारागिरी म्हणजे काय, तर सालई.

फुलांचा वास पळपुटा असतो. मोगरा लावून रिक्षात बसा, उतरेपर्यंत गेला. त्याला धरून ठेवायला खाली काहीतरी चिवट लागतं. आमच्या भागातल्या टेकड्यांवर सालईची झाडं आहेत, कागदासारखी साल सुटणारी. झाडाला बेताची चीर दिली की चीक झिरपतो, वाऱ्यावर आळतो, त्याचे पिवळसर खडे होतात. ते कुटायचे, स्पिरिटमध्ये भिजवायचे, बाटली आठ दिवस उन्हात ठेवून येताजाता हलवायची, मग मलमलीतून गाळून स्पिरिट उडू द्यायचं. उरतं ते मधासारखं दाट. लिंबाची साल, ओलं लाकूड, आणि मागे कुठेतरी नुकतीच आरती आटोपलेला गाभारा — असा त्याचा वास. त्याचे चार थेंब टाकले की मोगरा दुसऱ्या दिवशीही सदऱ्यावर असतो. माझं सगळं नाव त्या चार थेंबांवर उभं आहे.

आणि ते थेंब अनुसयाबाईचे.

आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकडच्या एका वस्तीवरून ती यायची, दोन एस. टी. बदलून. उन्हाळ्यात माझ्यासाठी सालई. हिवाळ्यात धावड्याचा डिंक — तो खायचा, लाडवांचा. आमच्या गल्लीत कोणाची पोर बाळंतपणाला माहेरी आली की अनुसयाबाईला निरोप जाई. तिचा डिंक काचेसारखा, त्यात सालपटाचा तुकडा सापडायचा नाही. बायका म्हणायच्या, दुकानातला नको, तिचाच आण. तिचा अख्खा हिवाळा त्या एका विश्वासावर चालायचा.

बारा वर्षं झाली. माझी पोर पहिलटकरीण, घरी आलेली. हिवाळाच होता, पण माझ्याकडची सालई संपली होती, म्हणून मी अनुसयाबाईला दोन्ही आणायला सांगितलं. तिनं दोन पुरचुंड्या माझ्या गल्ल्याशेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "भाऊ, निया फडक्यातला वासाचा, पांढऱ्यातला खायाचा. इसरू नका हं, दोन्ही दिसाले सारखेच हायेत."

मी हसून हात हलवला. मला सांगते! मी, अत्तरवाला!

फडकी तिला परत हवी होती, म्हणून मी तिच्यासमोरच दोन्ही डिंक दोन डब्यांत ओतले. डब्यांवर कागद चिकटवले. आणि मग मोठ्या वळणदार अक्षरात लिहिलं — डिंक. दोन्हींवर. तेव्हा ते बरोबरच वाटलं. दोन्ही डिंकच होते ना?

तुम्ही म्हणाल, वास घ्यायचा. खरंय. पण आमच्या घरात दुधालाही खसाचा वास येतो आणि पोळीला हिन्याचा. तिथे डबा उघडून कोण नाक घालतो? एक डबा घरात गेला, एक दुकानात राहिला. दुकानातला मी स्पिरिटमध्ये भिजवला. आठ दिवस हलवला. खडे जसेच्या तसे. सालईचाही थोडा गाळ राहतोच, म्हणून मी आणखी हलवला. मनात म्हटलं, यंदाचा माल कडक दिसतो. असा मी तज्ज्ञ.

बारशाला व्याहीणबाई आल्या. आदल्या रात्री जेवताना मी त्यांच्यापुढे तासभर माझ्या नाकाची कीर्ती गायली होती. डोळे बांधा म्हणालो, शंभर वासांतून सालई ओळखून दाखवतो. सकाळी शोभानं — माझ्या बायकोनं — लाडवांसाठी तूप तापवलं आणि डिंक टाकला. धावडा तुपात लाहीसारखा फुलतो. हा फुलला नाही. वितळला, फेसाळला, कढईला चिकटून बसला आणि घरभर असा धूर झाला की पाळण्यातलं बाळसुद्धा शिंकलं. व्याहीणबाई धोरणी बाई. खात्री करावी म्हणून त्यांनी डब्यातला एक खडा तोंडात टाकून चावला. सालई दातांना चिकटते. कवळीला तर विचारूच नका.

त्या धुरात उभं राहून माझ्या नाकानं मला सगळं सांगितलं, आठ दिवस उशिरा. ही सालई. म्हणजे दुकानातल्या बाटलीत मी धावडा हलवत होतो — जो पाण्यात विरघळतो, पण स्पिरिटमध्ये जन्मभर पडला तरी खडाच राहतो. मला कळलं होतं. हे नीट ऐका, कारण इथेच माणूस पळवाट काढतो. मला तेव्हाच, तिथेच, पुरतं कळलं होतं.

व्याहीणबाईंनी कवळी हातात धरून, बोळक्या तोंडानं विचारलं, "कोनं देल्ला हो हा?"

काय झालं असतं खरं बोललो असतो तर? हसल्या असत्या. मीही हसलो असतो. आणखी एक किस्सा झाला असता, व्हिनेगरच्या वरताण. आयुष्यभर स्वतःवर हसवून घेतलेला माणूस मी, त्या एका सकाळी मला हसू नको झालं.

मी म्हणालो, "अनुसयानं फसवलं."

दोन शब्द. एवढेच.

त्या दुपारी मी बाटलीतलं स्पिरिट आणि खडे परसातल्या मोरीत ओतले. पुरावा म्हणे! तिथे धावड्याला पाणी लागलं, तो चिकट झाला आणि मोरी तुंबली. शोभानं विचारलं, काय ओतलं यात? मी म्हणालो, पेज. एका खोट्याला दुसरं असं चिकटत जातं.

पुढच्या बाजाराला अनुसयाबाई आली. शोभानं तिला दारातच उभं केलं आणि बोलली, खूप बोलली. बाळंतिणीच्या पोटात भलतं गेलं असतं तर? शोभाचं काय चुकलं? तिला मीच सांगितलं होतं. अनुसयाबाई तिच्याकडे पाहतच नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

"भाऊ, तुमीच सांगा ना. निया फडक्यातला कोनता म्हनून सांगतलं होतं म्या?"

मी पायातली चप्पल नीट करत म्हणालो, "जाऊ दे शोभा. माणूस आहे, चूक होते. मी काही मनात ठेवणार नाही."

कळलं का तुम्हाला? मी तिला माफ केलं. माझ्या चुकीसाठी, मोठ्या मनानं, चारचौघांत. बायका नंतर म्हणाल्या, भाऊंचा स्वभाव किती दिलदार!

तिनं टोपली उचलली आणि समोरच्या घरी गेली. तिथून परतवली. मग शेजारच्या. तिथूनही. "बाळंतिणीच्या डिंकात भेसळ करते" हे वाक्य तिच्यापेक्षा भरभर चालत होतं, आणि ते मी दिलेलं होतं. दोन हिवाळे ती येऊन पाहत राहिली. तिसऱ्या हिवाळ्यात दिसली नाही. ऊसतोडीच्या टोळीत गेली म्हणे, त्या वयात, सुनेबरोबर. टेकडी चढून डिंक वेचणारी बाई कोयता घेऊन उसात वाकली. हे मला कोणी सांगितलं तेव्हा मी मोगऱ्याची बाटली भरत होतो. एक थेंबही सांडला नाही.

सालई मात्र ती देत राहिली. दर उन्हाळ्यात, टोळीवरून परतली की. मीच तेवढं एक गिऱ्हाईक उरलो होतो, आणि मी ते उपकारासारखं मिरवलं. पण तिची रीत बदलली. आता ती पुरचुंडी सोडायची, पितळी वाटीत निखारा मागायची, त्यावर एक खडा ठेवायची आणि धूर वर येईपर्यंत थांबायची. मग वाटी माझ्या नाकाखाली धरायची. मी "सालई" म्हणेपर्यंत हात मागे घ्यायची नाही. कितीतरी उन्हाळे मी तिच्यासमोर हा एकच शब्द म्हटला. दुसरा एक म्हणायचा होता — चुकलो — तो नाही म्हटला. त्याच धुराचे थेंब मी लोकांच्या मनगटाला लावत राहिलो आणि ते म्हणत राहिले, वा, काय टिकतो हो वास!

यंदा ती आली नाही. गुडघे गेले, असा निरोप आला. मी उठलो, दोन एस. टी. बदलल्या आणि तिच्या वस्तीवर गेलो. सांगायलाच गेलो होतो. पिशवी मात्र रिकामी घेऊन गेलो होतो, सालई भरून आणायला. बघा माझं.

ती दारात तूर पाखडत बसली होती. मी समोर दगडावर बसून सगळं सांगितलं — डबे, बाटली, मोरी, ते दोन शब्द. सूप थांबलं नाही. माझं संपल्यावर तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला आणि वर पाहिलं.

"मले कायले सांगून राह्यले भाऊ? मले तं पयल्या दिवसापासून मालूम हाय. ज्या घराइनं मले चोर म्हनलं, त्या घराइत जाऊन सांगा. का तितं जीभ उचलत नाई तुमची?"