विलायतेला निघालेलं पोतं

नवरा गेल्यावर मी माहेरी मुरूमला परत आले तेव्हा मला एकविसावं चालू होतं. भाऊ-भावजय वाईट नव्हते, पण त्यांच्या जिवावर दोन वेळची भाकरी खाणं मला पटत नव्हतं. म्हणून मी मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, एका आडत्याच्या गुदामात शेंगदाणे निवडायला जाऊ लागले. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती.

गुदामात आम्ही चाळीसेक बायका होतो. आम्ही निवडलेला दाणा बोटीनं विलायतेला जायचा. तिकडच्या गिऱ्हाइकाला दाणा कसा एकसारखा लागायचा. फुटका, सुरकुतलेला, काळपट पडलेला चालत नसे. टरफलाचा तुकडा किंवा खडा तर नाहीच नाही. सकाळपासून ताडपत्रीवर मांडी घालून बसायचं आणि बोटं चालवायची. घरी जाऊन डोळे मिटले तरी पापण्यांआड दाणेच दिसत. पोतं भरून शिवलं की हमाल त्यावर पत्र्याचा छाप ठेवून काळ्या शाईनं इंग्रजी अक्षरं उमटवायचा. मग मालट्रक सोलापूरला, तिथून मालगाडी मुंबईला आणि पुढं बंदर. हे सगळं आम्हाला दिवाणजींनी सांगितलेलं. दिवाणजी म्हणजे आडत्याचे कारकून. पन्नाशीचे, मोजकं बोलणारे.

माझ्या शेजारी अव्वा बसायची. आमच्याकडं कर्नाटकाची शीव जवळ, म्हणून म्हाताऱ्या बाईला अव्वा म्हणायची रीत. तिच्या बोटांना इतकी सवय झालेली की ती न बघता दाणा निवडायची आणि नजर दाराकडं असायची. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "तुला वाचाया येतंय म्हणं?"

"येतं. सातवी झालीय माझी."

"मंग त्या पोत्यावर काय लिवलंय सांग की."

मला इंग्रजी अक्षरं जेमतेम लागायची. मी एकेक जुळवून बंदराचं नाव वाचलं. तिनं ते दोन-तीनदा तोंडात घोळवलं आणि पुन्हा कामाला लागली.

पुढं हळूहळू तिची हकीकत कळली. रझाकारांच्या धामधुमीत गावं रिकामी होत होती. त्या वेळी तिचा एकुलता एक मुलगा, सतरा वर्षांचा, जीव वाचवायला म्हणून सोलापूरकडं पळाला. बरेच पळाले, बरेच परतले. हा परतला नाही. दोन वर्षांनी शेजारच्या गावचा एक गिरणी कामगार सणाला आला होता, त्यानं खबर आणली की पोरगा मुंबईला बोटीवर लागलाय, विलायतेच्या फेऱ्या करतो. त्यानंतर काही नाही. नवरा वाट बघून बघून गेला. मग अव्वा गुदामात कामाला आली. गावात दुसरीही कामं होती, पण ती इथंच आली, कारण इथला माल बोटीवर चढायचा.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत ती मला गुदामामागं लिंबाखाली घेऊन गेली. कनवटीतून कागदाची घडी काढली. "एवढं लिवून दे."

"पाठवणार कुठं, अव्वा? पत्ता कुठाय?"

"पोत्यात घालायचंय."

मी म्हणाले, "अव्वा, विलायत केवढी मोठी! त्याच्याच हाताला हे पोतं कसं लागेल?"

"बोटीवर वझी उचलत्यात ती आपलीच पोरं असत्यात. एकाला घावलं की तो दुसऱ्याला सांगंल. कुणी ना कुणी वळखीत असंलच की."

मला नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. खरं सांगायचं तर कुणाला तरी आपली गरज आहे, आपल्या सातवीचा काही उपयोग आहे, या गोष्टीचा मला त्या वेळी आनंदच झाला होता. ती सांगत गेली, मी लिहीत गेले.

"लेकरा, मी खुशाल आहे. मुरूमलाच आहे. मोंढ्यात दाणे निवडते. तुझी काळी शेळी म्हातारी होऊन मेली, तिच्या पोटची एक दारात आहे. आता इकडं भ्यायचं काही कारण नाही. घर आहे तिथंच आहे. ये."

"वडील गेल्याचं लिहू का?" मी विचारलं.

"नगं. एकलाच असंल तिकडं. आल्यावर सांगीन म्या."

वर तिनं मुलाचं आणि गावाचं नाव घालायला लावलं. मग कागद मेणकापडात गुंडाळला. त्या आठवड्यात पोती शिवणारी बाई आजारी होती, तर दाभण अव्वाच्याच हातात होतं. कुणाला काही कळलं नाही. पोती गेली. अव्वा त्या दिवसांत फार बोलकी झाली होती. बोट किती दिवसांत पोचते, हे तिनं दिवाणजींना किती वेळा विचारलं असेल!

बंदरावर माल चढवायच्या आधी तपासणीचा माणूस मधलीच काही पोती फोडून बघतो, हे आम्हाला माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांनी आडत्यानं, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळ्यांना काम थांबवून उभं केलं. त्यांच्या हातात ते मेणकापड होतं. मुंबईच्या व्यापाऱ्यानं कळवलं होतं की मालात चिंधी आणि कागद निघाला, सगळा माल नापास केला, बोट निघून गेली. यापुढं मुरूमचा माल आम्ही घेणार नाही, असंही त्यानं कळवलं होतं. मालक ओरडत नव्हते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दिवाणजींना कागद वाचायला सांगितला.

दिवाणजींनी वाचला. शेळीचा मजकूर आला तसे ते हळू वाचू लागले. बायकांमधून एक हुंदका ऐकू आला. 'ये' हा शेवटचा शब्द वाचून ते थांबले.

अव्वा पुढं झाली. "माजं हाय ते."

"लिहून कुणी दिलं?" मालकांनी विचारलं.

 आता मी म्हणणार, मी, मी लिहून दिलं, असं मनात येत होतं आणि जीभ हलत नव्हती. डोळ्यांपुढं भावाचं घर आलं, भावजय आली.

"यष्टी स्टँडवर एक मास्तर भेटला," अव्वा म्हणाली. "त्यानं दिलं लिवून. कुटला व्हता, मला न्हाय ठावं."

दिवाणजींनी मान वर करून एकदा माझ्याकडं पाहिलं. हजेरीच्या वहीत बाकीच्या बायका अंगठा उठवायच्या. सही करणारी मी एकटीच होते, आणि माझं अक्षर ते रोज बघत होते. त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

अव्वाला त्याच दिवशी काढलं. पंधरा दिवसांत विलायतेचा माल बंद झाला, तसं आमचंही काम संपलं. काही जणी ज्वारी काढायला गेल्या, काही जणी नळदुर्गच्या बाजूला खडी फोडायला. अव्वाचं नाव काढून बायका बोटं मोडत. ज्या बाईला पत्र ऐकताना हुंदका आला होता, तीही. मी त्यांच्यात उभी असायचे आणि गप्प असायचे.

मी अव्वाच्या घरी गेले ते तिला काढल्यावर चार दिवसांनी. आधी धीरच झाला नाही. ती दारात शेळीला पाला घालत होती. मी रडायला लागले तर म्हणाली, "तू कशाला बोलायचं व्हतं? म्या काय, आज हाय उद्या न्हाय. तुला लई दिस काढायचं हायती." मग जवळ सरकून हळूच विचारलं, "पर मुंबईत वाचलं असंल न्हाय कुणी ते? बंदरावरच्या माणसानं? मंग तो सांगंल की."

मी मान हलवली. व्हय म्हणाले.

दोन-अडीच महिन्यांनी दिवाणजी मला बाजारात भेटले. मालकांच्या दुसऱ्या कामासाठी ते मुंबईला जाऊन आले होते. मला बाजूला बोलावून म्हणाले, "ताई, कागदावर पोराचं नाव होतं, गाव होतं. बंदराजवळ खलाशांच्या नोंदी ठेवणारी कचेरी आहे, तिथं मी दोन दिवस बसलो." त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग एकदम म्हणाले, "पोरगा तीन वर्षांपूर्वीच गेला. बोटीवर तापानं. कागदोपत्री पत्ता सोलापूरच्या कुठल्याशा चाळीचा होता. तो गेल्याचं कळवणारं पत्र तिथं गेलं आणि परत आलं."

"तुम्हीच सांगा ना अव्वाला," मी म्हणाले.

"माझ्याच्यानं होणार नाही. आणि ताई, पत्र तुम्ही लिहिलं होतं." एवढंच बोलून ते गेले. त्यात टोचणी नव्हती, पण मला आजही ते वाक्य तसंच ऐकू येतं.

न सांगण्याचा मोह मला झाला. ती वाट बघतेय तर बघू दे, असं वाटलं. पण गुदामात गप्प राहिलेली मी दुसऱ्यांदा गप्प राहू शकले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. अव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती. मी सांगितलं. हातातली भाकरी तिनं तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. भाकरी फुगली, ती काढून ठेवली. मग हात धुतले.

"माती कुटं दिली?"

"बोटीवर माती नसते, अव्वा. पाण्यात सोडतात."

तिला ते समजायला वेळ लागला. "म्हंजी जागा न्हाय."

"नाही."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "बाप गेल्यालं त्याला कळलं न्हाय, तेवढं बरं झालं." त्यानंतर मात्र ती अशी रडली की शेजारच्या बाया धावत आल्या. काय झालं म्हणून त्या विचारत होत्या आणि ती माझा हात सोडत नव्हती.

महिनाभरानं तिनं शेळी विकली आणि कळंबला धाकट्या बहिणीकडं निघाली. मी यष्टीपर्यंत पोचवायला गेले. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "तू पुढं शीक. दाणं नगं निवडू." मी पुढं शिकले, एका खेड्यातल्या शाळेत शिक्षिका झाले. ती कळंबला गेल्यावर दीड-दोन वर्षांनी तिच्या बहिणीकडचं कार्ड आलं की अव्वा गेली. दहावा होऊन गेला होता.

गुदामातल्या त्या बायका पुढं कैक वर्षं मला बाजारात, लग्नाकार्यात भेटत राहिल्या. जुन्या गोष्टी निघत. एखादी हमखास म्हणायची, त्या म्हातारीच्या चिठ्ठीपायी आपलं काम गेलं, आणि तो मास्तर कोण मेला होता कुणास ठाऊक. मी विषय बदलायचे. आता त्यांतली एकही उरलेली नाही.